'३००' परत पाहिला आणि सुती कपड्यांतले तिरंदाज आठवले

लेखक: माळ्यावरची_ट्रंक
विभाग: चित्रपट

परवा रात्री लेकाने टीव्हीवर '३००' लावला. तोच, स्पार्टा या ग्रीक नगराचा राजा लिओनायडस ३०० सैनिक घेऊन थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियाच्या झर्क्सीस राजाला अडवतो, तो सिनेमा. मी भांडी आवरून हॉलमध्ये आलो तर नेमका तो विहिरीचा प्रसंग सुरू. लिओनायडस पर्शियन दूताच्या छातीत लाथ घालतो आणि लेक सोफ्यावर उभा राहून ओरडतो. २००७ साली हॉस्टेलवर आम्ही पंधरावीस जण एका संगणकासमोर एकमेकांच्या मांडीवर बसून हेच करत होतो. त्यानंतर महिनाभर आमच्या मजल्यावर बाथरूमचं दार कुणी हाताने उघडलं नाही. शेवटी कडी तुटली आणि वर्गणी काढून बसवावी लागली.

या वेळी मजा अर्धीच आली. सिनेमा तोच आहे, पण मधल्या काळात मी हिरोडोटस, म्हणजे या युद्धांचा इतिहास लिहिणारा जुना ग्रीक, वाचून बसलोय. (अनुवादातून. ग्रीक येत नाही, उगाच भाव खात नाही.)

आता त्या विहिरीचंच घ्या. दूतांना विहिरीत टाकल्याची गोष्ट हिरोडोटसने दिली आहे, पण ते दूत झर्क्सीसचे नव्हते. ते त्याच्या बापाचे, दरायसचे. तेव्हा स्पार्टाच्या राजकारणात क्लिओमेनीसचा शब्द चालायचा. हा लिओनायडसचा सावत्र भाऊ आणि राणी गोर्गोचा बाप. शरणागतीची खूण म्हणून 'माती आणि पाणी' मागायला आलेल्यांना अथेन्सवाल्यांनी खड्ड्यात टाकलं आणि स्पार्टावाल्यांनी विहिरीत. घ्या म्हणे तिथूनच, दोन्ही मिळेल. इथवर सिनेमा ठीक आहे.

पुढची गोष्ट सिनेमात नाही आणि मला तीच जास्त आवडते. दूत मारल्यावर स्पार्टात शकुन वाईट येऊ लागले. देव कोपला म्हणून सभा भरली आणि विचारणा झाली, की भरपाईला कोण जीव देतो? स्पर्थियास आणि बूलिस नावाचे दोन खानदानी गडी उठले आणि चालत थेट पर्शियाच्या राजधानीत, सूसाला गेले, झर्क्सीसच्या दरबारात, मरायला. झर्क्सीस त्यांना म्हणाला (भावार्थ देतोय) की दूत मारून तुम्ही साऱ्या माणसांचा रिवाज मोडलात. ज्याबद्दल तुम्हाला बोल लावायचा तेच मी करणार नाही, आणि तुम्हाला मारून स्पार्टाला त्या पापातून मोकळंही करणार नाही. दिलं परत पाठवून.

म्हणजे दूत मारणारे आपले नायक, आणि बदल्यात मिळालेले जीव परत करणारा तो नऊ फुटी, अंगभर साखळ्या घातलेला राक्षस!

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. ग्रीसवर उतरताना झर्क्सीसने थ्रेसमध्ये डोरिस्कसला सैन्याची मोजदाद केली. कुठल्या मुलखाचे लोक काय घालून, काय घेऊन आले होते, याची हिरोडोटसने लांबलचक यादी दिली आहे. त्यात चार ओळी हिंदी लोकांवर आहेत: अंगात झाडावरच्या लोकरीचे म्हणजे सुती कपडे, हातात वेताची धनुष्यं, वेताचेच बाण, टोकाला लोखंड. सेनापती फार्नाझाथ्रीस. घोडेस्वार वेगळे, शिवाय घोडे आणि रानगाढवं जुंपलेले रथ. पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४७९ला, ग्रीकांनी पर्शियनांना हरवलं त्या प्लाटिआच्या रणांगणावरही हे लोक उभे होते.

सिंधूकाठचा कुणी सुती अंगरख्यातला माणूस हजारो कोस चालत एजियन समुद्रापर्यंत गेला. सिनेमात त्याच्या जागी काय आहे? मुखवटे, हातांच्या जागी पाती असलेला जल्लाद, आणि गेंडा. लेकाला म्हटलं, 'अरे, त्या बाजूला आपली माणसं होती.' तो म्हणाला, 'बाबा, पॉज करू का?'

तर चर्चा करूया. विनंती एकच: पावनखिंडीशी तुलना लगेच सुरू करू नका, त्यावर इथे ढीगभर धागे आहेत.

*

सोडा_लेमन
पहिला! सविस्तर नंतर लिहितो. तूर्तास एकच शब्द: पावनखिंड.

*

माळ्यावरची_ट्रंक
@सोडा_लेमन, तुमच्याकडून हीच अपेक्षा होती.

*

फ्रेमकापू
लेख आवडला, पण सिनेमाच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. मी व्हीएफएक्समध्ये आहे, माझं पोट ज्या कामावर चालतं त्यात या सिनेमाचा वाटा आहे.

'३००' हा इतिहासाचा सिनेमा नाहीच. तो एका चित्रकथेचा सिनेमा आहे. फ्रँक मिलरने १९९८ साली ती काढली, रंग लिन वार्लीचे. त्या चित्रकथेचं प्रत्येक पान आडवं आहे, म्हणजे जोडपानभर एकच देखावा. झॅक स्नायडरने ती पानं समोर ठेवून चौकटी लावल्या. कड्यावरून समुद्रात कोसळणारे पर्शियन, शेवटी बाणांच्या जंगलात पडलेला लिओनायडस, हे सगळं आधी कागदावर होतं.

आणि हे सगळं शूट झालं कुठे? मॉन्ट्रिअलमध्ये, बंद स्टुडिओत, निळ्या पडद्यासमोर, साधारण ६० दिवसांत. घोडे दौडत येतात तो एक प्रसंग तेवढा उघड्यावरचा. आभाळ, समुद्र, डोंगर, सगळं नंतर चढवलेलं. मग रंगांवर जे संस्करण केलं त्याला त्यांच्या युनिटमध्ये 'क्रश' म्हणत. काळा रंग दाबून अजून काळा करायचा, बाकीच्या रंगांतला विरोध वाढवायचा. म्हणून सगळं जुन्या पितळेसारखं दिसतं आणि त्यात फक्त लाल कपडा पेटतो.

लढाईचा तो प्रसिद्ध लांब शॉट आठवा. लिओनायडस एकामागून एक माणूस पाडत डावीकडून उजवीकडे जातो, वेग मध्येच मंदावतो, मध्येच उसळतो, आणि कॅमेरा क्षणात जवळ जातो, क्षणात लांब. वेगवेगळ्या भिंगांचे कॅमेरे एकाच वेळी, खूप जास्त वेगाने चालवून ते फुटेज नंतर एकमेकांत शिवलंय. कट दिसत नाही. एडिटिंग शिकताना मी तो शॉट फ्रेम फ्रेम करून पाहिलाय, अक्षरशः डोळे लाल होईस्तोवर.

बजेट साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास, गल्ला ४५ कोटींच्या वर. त्यानंतर आपल्याकडेसुद्धा दर ऐतिहासिक सिनेमात तलवार हवेत थांबायला लागली, त्याचं पाप मात्र स्नायडरच्या माथी मारू नका. नक्कल करणाऱ्यांनी वेग उचलला, चौकट उचलली नाही.

*

गृहपाठ_चोर
सिनेमा आहे राव. पीएचडीची व्हायवा नाही. सिक्स पॅक बघा, पॉपकॉर्न खा, झोपा.
(त्या काळी आमच्या जिमवाल्याने 'स्पार्टन बॅच' काढली होती. डबल फी. पहिल्या आठवड्यात तीस, महिनाअखेर चार. आम्ही त्या चारांत नव्हतो.)

*

कोपऱ्यातला_बाक
@ट्रंक, 'आपली माणसं' हा शब्द जरा जपून. हखामनी साम्राज्याचा (म्हणजे दरायस-झर्क्सीसच्या घराण्याच्या राज्याचा) 'हिंदुश' प्रांत म्हणजे सिंधूच्या खोऱ्याचा खालचा भाग. गांधार वेगळा, त्याची पलटण त्या यादीत वेगळी दिली आहे. तेव्हा ना भारत नावाचं राज्य होतं ना त्या तिरंदाजाला मराठी माणूस माहीत होता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सक्तीच्या भरतीला आपण आज 'आपण तिथे होतो' म्हणून मिरवणार असू तर स्नायडर आणि आपण यांत फरक काय?

शिवाय तो हौसेने गेला नव्हता. त्या प्रांताकडून दरायसला वर्षाला ३६० टॅलंट (तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी जात होती, साम्राज्यातला सगळ्यात मोठा वसूल. सोनंही द्या आणि माणसंही द्या.

*

माळ्यावरची_ट्रंक
@बाक, मान्य. 'आपली' हे लेकाला पेटवायला वापरलं, त्याच्यावर फुकट गेलं आणि तुम्ही पेटलात. मिरवायचं नाहीये. मला एवढंच वाटतं, की त्या बाजूच्या माणसांना तोंड असायला हवं होतं. सिनेमात त्यांच्या तोंडावर पत्रा आहे.

*

धनसाक_आणि_वरण
माझं माहेर सदाशिव पेठ आणि सासर पारशी, त्यामुळे या सिनेमाबद्दल आमच्या घरी दोन पक्ष आहेत.

सासऱ्यांच्या एका मामेभावाचं नाव दारायस, शेजारी दोन सायरस. झर्क्सीस हे नाव तर आपल्या सगळ्यांच्या मनगटावर होतं, टायटन घड्याळं उभी करणारे झर्क्सीस देसाई आठवा. ज्या नावाने आपल्याकडे माणसं बारशी करतात, ते नाव पडद्यावर नाकात नथी, भुवया कोरलेल्या, दाढी साफ उडवलेल्या माणसाला लावलेलं पाहून सासरे म्हणाले, 'डीकरा, दाढी क्यां गई?' त्यांना सगळ्यात जास्त राग दाढीचा. आणि बरोबर आहे त्यांचं! या राजांच्या राजधानीच्या, पर्सेपोलिसच्या कोरीव कामात हे राजे पायघोळ झग्यात, छातीवर रुळणारी कुरळी दाढी, हातात दंड, असे शांत बसलेत. या राजांचं अंग उघडं कुठेच नाही. अंगभर कपडे घालणारे पर्शियन आणि व्यायामाला नागडे उतरणारे ग्रीक, हा खरा फरक होता. पडद्यावर दोघेही उघडे!

मुंबईकरांना पर्सेपोलिस बघायला इराणला जायची गरज नाही. फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावरून चालताना वाच्छा अग्यारी लागते. दाराशी माणसाचं डोकं, बैलाचं अंग आणि पंख असलेले दोन प्राणी आहेत. तसेच प्राणी झर्क्सीसने पर्सेपोलिसला बांधलेल्या 'सर्व राष्ट्रांच्या दरवाजा'वर आहेत. आतमध्ये बिगरपारशांना प्रवेश नाही (मलाही नाही!), पण रस्त्यावरून मनसोक्त बघता येतं.

इराणात तेव्हा चांगलाच भडका उडाला होता. सिनेमा अमेरिकेत लागला मार्चमध्ये, म्हणजे नवरोजच्या तोंडावर. तेहरानच्या एका दैनिकाने 'हॉलिवूडने इराण्यांविरुद्ध युद्ध पुकारलं' असा मथळा दिला. सरकारनेही निषेध केला. आमच्या घरात निषेध म्हणून त्या रविवारी धनसाकात मीठ जास्त पडलं, असं मी म्हणते. सासूबाई म्हणतात तसं काही नव्हतं.

*

सोडा_लेमन
@धनसाक, प्रतिसाद कडक. 'दाढी क्यां गई' हे माझं नवं स्टेटस.

*

लेखनिक_बोरू
मला या सिनेमातली एकच गोष्ट छळते आणि ती फारसं कुणी बोलत नाही. डिलिओस.

सिनेमाचा निवेदक. त्याचा एक डोळा जातो, लिओनायडस त्याला परत पाठवतो, 'आमची गोष्ट सांग' म्हणतो. तो घरी जाऊन गोष्ट सांगतो, सगळा स्पार्टा पेटून उठतो, वर्षभराने प्लाटिआला तोच पुढे उभा. स्नायडरची बाजू घेणारे नेहमी हेच सांगतात, की ही सगळी डिलिओसने शेकोटीपाशी सैनिकांना सांगितलेली गोष्ट आहे, म्हणून हत्ती डोंगराएवढे आणि झर्क्सीस ताडमाड. चांगला युक्तिवाद आहे. मीही बरीच वर्षं तोच वापरला.

आता खरी गोष्ट. थर्मोपिलीला दोन स्पार्टनांचे डोळे आले होते, युरिटस आणि अरिस्टोडेमस. दोघांना मागे अल्पेनी गावात ठेवलं होतं. पर्शियन डोंगराला वळसा घालून आले असं कळलं तेव्हा युरिटसने चिलखत मागवलं, आपल्या हेलॉट (स्पार्टाचे गुलामासारखे राबणारे शेतकरी) नोकराला सांगितलं, मला हात धरून लढाईत ने. नोकराने नेलं आणि तो पळाला. आंधळा युरिटस गर्दीत घुसला आणि मेला. अरिस्टोडेमस घरी आला.

घरी त्याचं स्वागत कसं झालं? कुणी त्याला चुलीला विस्तव देईना. कुणी बोलेना. 'भेदरट अरिस्टोडेमस' हे नाव पडलं. निरोप्या म्हणून थेसलीला गेलेला आणखी एक जण वाचला होता, पँटिटीस. त्याने फास लावून घेतला. डिलिओसची खरी जागा ही होती. शेकोटीपाशी त्याला कुणी बसू दिलं नसतं, गोष्ट ऐकणं लांबच.

पुढचं ऐका. प्लाटिआला हाच अरिस्टोडेमस रांग सोडून पुढे घुसला, बेभान लढला आणि मेला. हिरोडोटसच्या मते त्या दिवशी त्याच्याइतकं शौर्य कुणी गाजवलं नाही. तरी स्पार्टाने त्याला मान दिला नाही. कारण काय, तर त्याला मरायचंच होतं, आणि तो आपली जागा सोडून गेला होता. ज्याला जगायचं होतं आणि जो रांगेत राहून लढला, त्या पोसिडोनियसला त्यांनी वरचढ ठरवलं.

आता फ्रेमकापूंनी वर्णन केलेला तो शॉट परत बघा. लिओनायडस ढालींची भिंत सोडून एकटाच पुढे जातो, मागे रांग राहते. हॉप्लाइटची, म्हणजे ग्रीक पायदळ सैनिकाची ढाल त्याच्यापुरती नसते, तिचा डावा भाग शेजाऱ्याला झाकतो. एक जण पुढे गेला की शेजारी उघडा पडतो. सिनेमालाही हे माहीत आहे, कारण सैन्यात घ्या म्हणणाऱ्या कुबड्या एफिआल्टीसला ढाल उचलता येत नाही म्हणून लिओनायडस त्याला हेच कारण देऊन नाकारतो! आणि दहा मिनिटांनी सगळेच्या सगळे मोकाट सुटतात. स्पार्टाच्या हिशोबाने '३००'मधल्या प्रत्येक स्लो मोशनवाल्याला विस्तव बंद झाला असता.

*

फ्रेमकापू
@बोरू, निरुत्तर. तो शॉट आता मला कधीच पूर्वीसारखा दिसणार नाही, याबद्दल तुमचे आभार मानू की भांडू?

एकच सांगतो. रांग दाखवणं पडद्यावर महाकठीण असतं. पाच मिनिटं ढालीला ढाल लावून ढकलाढकली दाखवली तर ती विरार फास्ट वाटते. त्या सिनेमात पहिल्या धडकेचा प्रसंग, जिथे ते खरंच रेटतात आणि पायाखालचा चिखल सरकतो, तो माझ्या मते सगळ्यात चांगला आहे.

*

गृहपाठ_चोर
विरार फास्टमध्येही शेजारचा पुढे सरकला की आपण उघडे पडतो. चौथ्या सीटवाल्यांना विचारा.

*

कोपऱ्यातला_बाक
बोरूसाहेबांच्या गोष्टीत एक माणूस निसटला, युरिटसला हात धरून नेणारा हेलॉट. हिरोडोटस त्याचं नाव देत नाही. सिनेमात तर हेलॉट नाहीतच.

लिओनायडस सोबत आलेल्या आर्केडियनांना (दुसऱ्या भागातल्या ग्रीकांना) विचारतो ना, तुझा धंदा काय? कुंभार, मूर्तिकार, लोहार. मग आपल्यांकडे वळून विचारतो आणि तीनशे जण 'हाऊ हाऊ' करतात. आम्ही पूर्णवेळ सैनिक, तुम्ही फावल्या वेळचे. थिएटरात शिट्या. पण हे पूर्णवेळ सैनिक जेवत काय होते? मेसेनिया आणि लॅकोनियातले हेलॉट राबायचे आणि त्यांना पोसायचे. स्पार्टाचे एफोर, म्हणजे दरवर्षी निवडून येणारे पाच अधिकारी (सिनेमात ज्यांना महारोगी पुजारी केलंय ते!), दरवर्षी हेलॉटांवर रीतसर युद्ध पुकारायचे, म्हणजे मग हेलॉट मारला तर पाप लागत नाही. आणि असल्या समाजाचा राजा दोन तास 'स्वातंत्र्य, स्वातंत्र्य' ओरडतो.

उलट पर्सेपोलिसला १९३३ साली मातीच्या हजारो पाट्या सापडल्या, दरायसच्या काळातल्या. त्यांत मजुरांना किती धान्य, किती दारू दिली याचे हिशोब आहेत. बाळंतिणीला जादा शिधा. (मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. तेव्हाही तेच.)

*

धनसाक_आणि_वरण
@बाक, सासरकडून तुम्हाला धनसाक लागू. पण आमच्यावर इतकीही फुलं उधळू नका. याच साम्राज्याने इ.स.पू. ४९४ला मिलेटस बेचिराख केलं, थर्मोपिलीनंतर अथेन्स जाळलं. लिओनायडसचं डोकं कापून खांबावर लावायचा हुकूम झर्क्सीसचाच. हिरोडोटस तिथे आवर्जून म्हणतो, की शूर शत्रूला मान देण्यात पर्शियन सगळ्यांत पुढे, म्हणजे हा राजा त्याच्यावर किती खवळला असेल बघा. जीव परत करणारा आणि डोकं उतरवणारा एकच माणूस. सिनेमात असा माणूस आला असता तर मी तीनदा तिकीट काढलं असतं.

*

भटकी_मैना
दुसऱ्या भागावर, 'राइज ऑफ अॅन एम्पायर'वर (२०१४), अजून कुणीच कसं घसरलं नाही? मग मी घसरते.

सुरुवातीलाच मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सचा थेमिस्टोक्लीस बाण मारून दरायसला पाडतो. दरायस मॅरेथॉनला नव्हताच! सेनापती डेटिस आणि आर्टाफर्नीस होते. दरायस चार वर्षांनी, इ.स.पू. ४८६ला, घरीच वारला.

पण माझा खरा राग झर्क्सीसच्या बाजूने लढणाऱ्या आर्टेमिसियासाठी आहे. इव्हा ग्रीन कमाल करते, सिनेमा एकटीच्या खांद्यावर ओढते, कबूल. पण तिला दिलंय काय? लहानपणी ग्रीक सैनिकांनी घर उद्ध्वस्त केलं, म्हणून सूड. बाईला सैन्य हाताळायचं तर आधी तिच्यावर काहीतरी भयंकर गुदरलं पाहिजे, त्याशिवाय लेखकाला चैन पडत नाही. आणि शेवटी थेमिस्टोक्लीसच्या तलवारीने मरण.

खरी आर्टेमिसिया हॅलिकार्नाससची राणी. आजचं तुर्कस्तानातलं बोडरम. हिरोडोटसचं हेच गाव, म्हणून तो तिच्याबद्दल जरा हरखून लिहितो. नवरा वारलेला, मुलगा हाताशी आलेला, तिला जायची काही सक्ती नव्हती, तरी पाच जहाजं घेऊन स्वतः गेली. सालामिसच्या समुद्री लढाईच्या आधी झर्क्सीसने सगळ्या सरदारांचं मत घेतलं. सगळे म्हणाले लढा. ही एकटी म्हणाली, समुद्रावर लढू नका, थांबलात तर ग्रीक आपोआप पांगतील. सगळ्यांना वाटलं हिचं आता डोकं जाणार. झर्क्सीसला सल्ला आवडला, पण त्याने बहुमताचं ऐकलं. हरला.

लढाईत अथेन्सचं जहाज हिच्या मागे लागलं. पळायला वाट नाही, पुढे आपल्याच बाजूची जहाजं. हिने काय करावं? आपल्याच पक्षातल्या कॅलिंडाच्या राजाच्या जहाजाला धडक देऊन बुडवलं. मागच्या ग्रीकाला वाटलं ही आपल्यातलीच, त्याने नाद सोडला. डोंगरउतारावरून झर्क्सीस बघत होता, त्याला वाटलं हिने शत्रूचं जहाज बुडवलं. कॅलिंडाच्या जहाजावरचा एकही माणूस तक्रार करायला वाचला नाही. झर्क्सीसचं ते वाक्य इथलंच: माझे पुरुष बायका झाले आणि बायका पुरुष.

तिला जिवंत पकडणाऱ्याला अथेन्सने १०,००० द्राख्मा लावले होते. कुणाला मिळाले नाहीत. झर्क्सीसच्या मुलांना घेऊन ती सुखरूप इफेससला गेली.

एवढी बेरकी, थंड डोक्याची बाई हातात असताना तुम्ही जहाजावर मारामारीछाप प्रणयप्रसंग लिहिता? आवरा.

*

माळ्यावरची_ट्रंक
@मैना, दंडवत. याच भागात वल्हेकऱ्यांच्या गोष्टीचाही पत्ता नाही. लॉरिअनच्या खाणीत चांदी लागली तेव्हा ती वाटून घेण्याऐवजी जहाजं बांधा, हे थेमिस्टोक्लीसने अथेन्सच्या गळी उतरवलं. एका ट्रायरीमवर (तेव्हाच्या युद्धनौकेवर) १७० वल्हेकरी, बहुतेक गरीब नागरिक. नवमीच्या सभेत... चुकलो, नगराच्या सभेत त्यांचं वजन त्यानंतर वाढलं. त्याऐवजी थेमिस्टोक्लीस घोडा जहाजांवरून उड्या मारत नेतो.

*

सोडा_लेमन
'नवमीच्या सभेत' 😂 ऑटोकरेक्टचा विजय असो.

आता सविस्तर. मी पावनखिंड म्हटलं ते खोडी काढायला, पण तुलनेत एक मुद्दा खरंच आहे. संख्या, खिंड, मागे राहणं, हे वरवरचं झालं. बाजीप्रभूंना माहीत होतं थांबायचं कशासाठी आणि कुठवर: महाराज विशाळगडावर पोचले की तोफेचे बार होणार. लिओनायडसकडे तोफ नव्हती. तिसऱ्या दिवशी वळसा घालून शत्रू मागे आल्याचं कळल्यावर त्याने बाकीच्यांना का पाठवून दिलं आणि स्वतः का थांबला, यावर आजही एकमत नाही. माघार घेणाऱ्यांना पाठीवर घोडदळ नको म्हणून? स्पार्टाचा राजा मेला तरच स्पार्टा वाचेल या भविष्यवाणीमुळे? सिनेमाला हा प्रश्नच पडत नाही, त्याचा नायक पहिल्यापासून मरायलाच निघालेला आहे.

आणि तीनशेच का मोजायचे? शेवटच्या दिवशी थेस्पियाचे ७०० आपण होऊन थांबले, डेमोफिलस त्यांचा म्होरक्या. सगळे मेले. स्पार्टनांच्या दुपटीहून जास्त. सिनेमा ७०० नावाचा निघाला नाही.

*

माळ्यावरची_ट्रंक
@सोडा_लेमन, बंदी मागे घेतली. असं लिहिणार असाल तर रोज पावनखिंड म्हणा.

*

लेखनिक_बोरू
भर घालतो. जुना 'द ३०० स्पार्टन्स' (१९६२) मिळाला तर बघा. ग्रीसमध्येच, पेराखोराजवळ चित्रित केलाय, ग्रीक सैन्याचे जवान घेऊन. फ्रँक मिलरने लहानपणी हाच पाहिला आणि तिथून त्याच्या डोक्यात हे घुसलं. संवाद नाटकी आहेत, पण त्यात थेस्पियन थांबतात आणि सैनिकांच्या अंगावर चिलखत आहे!

अवांतर: झर्क्सीसचं जुनं पर्शियन नाव क्षयार्शा. त्यातला 'क्षय' म्हणजे राज्य करणं, संस्कृत 'क्षत्र'चा सख्खा भाऊ. त्याच घरातला 'क्षत्रप', पर्शियन सुभेदार. हा शब्द पुढे शकांबरोबर आपल्या दारात आला. नाशिकच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे शिलालेख आहेत. झर्क्सीस ज्या शब्दाने सुभेदार नेमत होता, तो नाशिकच्या मुंबई-आग्रा रस्त्यालगत दगडात कोरलेला आहे. आणि आपण अजून वर्तमानपत्रात 'प्रादेशिक क्षत्रप' लिहितो.

*

संपादक
'इराणी की ग्रीक, कोण जास्त गोरे' या विषयावरचे दोन प्रतिसाद आणि त्यांना आलेली नऊ उत्तरं काढली आहेत. धाग्याच्या विषयाला धरून लिहावे.

*

गृहपाठ_चोर
नऊपैकी चार माझी होती. क्षमस्व.
ते जाऊ दे, कुणी प्रत्यक्ष गेलंय का हो थर्मोपिलीला? खिंड दिसते कशी?

*

उसगावचा_बंड्या
मी गेलोय, कामानिमित्त अथेन्सला होतो तेव्हा. लामियाच्या अलीकडे, गाडीने दोन-सव्वादोन तास.

खिंड नाहीये! मी आधी चुकीच्या ठिकाणी आलो असंच वाटलं. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे सपाट शेतं, मधून रस्ता, त्यावर ट्रक. समुद्र गायब. स्पर्खिओस नदीने अडीच हजार वर्षं गाळ टाकून किनारा काही किलोमीटर मागे ढकललाय. तेव्हा एक बाजू डोंगर, एक बाजू पाणी आणि मधे गाडी जाईल एवढी वाट होती. सिनेमातल्यासारखे दोन उभे कडे कधीच नव्हते.

रस्त्याकडेला लिओनायडसचा ब्राँझचा पुतळा आहे, १९५५ सालचा. खाली ते 'या आणि घेऊन जा' (शस्त्रं टाका म्हणणाऱ्या झर्क्सीसला त्याचं उत्तर) कोरलंय. बाजूलाच थेस्पियनांचं स्मारक, पण ते १९९७ साली आलं, म्हणजे ७०० लोकांना चाळीसेक वर्षं जास्त थांबावं लागलं (सोडा_लेमन यांनी नोंद घ्यावी). बस थांबली की लोक लिओनायडससोबत फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात. समोर रस्ता ओलांडला की कोलोनोसची टेकडी. शेवटचे लोक तिथे मेले. १९३९ साली तिथे खणलं तेव्हा बाणांची ढीगभर टोकं निघाली. टेकडी इतकी लहान आहे, की चढायला पाच मिनिटं लागत नाहीत. वर मी एकटाच होतो.

आणि 'थर्मो' म्हणजे गरम, ते गरम पाण्याचे झरे मात्र अजून आहेत. गंधकाचा वास थेट वज्रेश्वरी. स्थानिक लोक निवांत पाण्यात बसले होते, एक आजोबा पेपर वाचत होते. मीही पँट दुमडून तासभर पाय सोडून बसलो. बायकोने साखरपुड्यात दिलेली चांदीची अंगठी बोटात होती, बाहेर आलो तर काळीठिक्कर. अजून तशीच आहे.

*

धनसाक_आणि_वरण
टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासा, उजळते. साधी पांढरी पेस्ट घ्या, जेलवाली नको.

*

उसगावचा_बंड्या
बायकोही हेच म्हणते. मीच घासत नाहीये.